बडोद्यात रस्त्यावर गाणारे-वाजवणारे : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली, पेटी वाजवते, आणि रस्त्यावर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या बऱ्याच जणांशी माझी चांगली ओळख आहे. त्यामुळे सोसायटीत, लग्नात, ऑफिसात कोणी ना कोणी मला गाठतं आणि तेच ते प्रश्न विचारतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. नावं कोणाचीच देत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय.

रस्त्यावरचे कलाकार म्हणजे नेमके कोण? गिटार घेऊन बसतात ती कॉलेजची पोरं पण त्यात येतात का?

येतात की. पण त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष तसंही जातं, म्हणून आधी बाकीचे सांगते. कमाटीबागेच्या गेटाशी किंवा सुरसागर तलावाच्या काठाला रावणहत्था (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजवणारे दिसतात ते बहुतेक राजस्थानातले, तिकडचे लोकदेव पाबूजी यांची गाथा गाणाऱ्या भोप्यांच्या घरातले. स्टेशनच्या बाजूला आणि देवळांबाहेर अंध गायक असतात, हे लोक पूर्वी गळ्यात पट्टा घालून पेटी घ्यायचे, आता बरेच जण चाकांचा बॅटरीवरचा स्पीकर आणि माइक घेऊन कराओके ट्रॅकवर गातात. मग ढोली, म्हणजे ढोल वाजवणारे. लग्नाच्या बँडमधले क्लॅरिनेट-ट्रम्पेटवाले, त्यांना लोक यात धरत नाहीत पण मी धरते, कारण त्यांचं सगळं आयुष्य चालत चालत रस्त्यावरच वाजवण्यात जातं. बांबूला बासऱ्या खोचून फिरणारे बासरीवाले, एकतारी आणि मंजिरा घेऊन पहाटे भजनं म्हणणारे. आणि आपल्या बडोद्याचे खास, माणभट्ट.

माणभट्ट म्हणजे काय? नाव ऐकलंय पण बघितलं नाही कधी

माण म्हणजे धातूचा मोठा घडा, पोट गोल आणि तोंड अरुंद. गाणारा दोन्ही हातांच्या बोटांत अंगठ्या घालतो आणि त्या घड्यावर आपटून ताल धरतो, आणि त्या तालावर आख्यान गातो, मध्येच गोष्ट सांगतो, मध्येच परत गातो. गुजरातीत त्यांना गागरिया भट्ट पण म्हणतात. १७व्या शतकातले कवी प्रेमानंद हे बडोद्याचेच आणि ते स्वतः माणभट्ट होते, नल-दमयंती, सुदामा, नरसी मेहतांच्या मुलीचं मामेरू (माहेरचा आहेर), ही त्यांची आख्यानं लोक चौकात बसून रात्र रात्र ऐकायचे. आपल्याकडच्या नारदीय कीर्तनाचा जवळचा नातेवाईक म्हणा, फक्त आपले बुवा उभे राहतात आणि भट्ट बसून गातो. आता ही कला जाणणारे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे उरलेत, त्यामुळे कुठे कार्यक्रम आहे असं कळलं तर सगळी कामं बाजूला ठेवून जा आणि पुढे बसा. अंगठीचा आवाज घड्याच्या कडेला वेगळा येतो, पोटावर वेगळा, आणि उघड्या तोंडावर पंजा मारला की आतून खोल घुमारा येतो, तो मागे बसून कळत नाही.

खरं सांगायचं तर ही भीकच झाली ना? नाव काहीही द्या

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो म्हणून सविस्तर लिहिते.

कीर्तन संपलं की आरतीचं ताट फिरतं, आपण त्यात नोट टाकतो, आणि बुवांना कोणी भिकारी म्हणत नाही. आजीच्या माहेरी सांगलीकडे वासुदेव यायचा, मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या, आणि आजी सांगायची की त्याला सुपातून तांदूळ घालायचे आणि तो घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन दान पावलं म्हणायचा, तो दिला-घेतल्याचा रीतसर व्यवहार होता, तो आला नाही तर घरातल्यांना चुकल्यासारखं व्हायचं. गोंधळी, वाघ्या-मुरळी, सगळ्यांचं तसंच. ऐकून झाल्यावर पैसे देणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे, तिकीट आधी काढणं ही नंतरची.

आणि दुसरं बघा. याच बडोद्यात आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेब होते, ते १९५० साली गेले, त्यांना दरबारातून पगार मिळायचा. गाण्याचे पैसे घेतले म्हणून त्यांचं गाणं हलकं झालं असं कोणी म्हणेल का? त्यांना देणारा एक महाराजा होता, स्टेशनबाहेरच्या काकांना देणारी येणारी-जाणारी शंभर माणसं आहेत. फरक देणाऱ्यात आहे. घेणारा दोन्हीकडे गाऊनच घेतोय. मांडीवर पेटी, समोर माणसं, चार तास गळा चालू, याला काम नाही म्हणायचं तर काम कशाला म्हणायचं.

मग पोलीस का उठवतात? कायदा काय म्हणतो?

इथेच तर खरी अडचण आहे. गुजरातला लागू असलेला भीक प्रतिबंधक कायदा हा मूळचा १९५९ चा मुंबई राज्याचा कायदा, तेव्हा गुजरात-महाराष्ट्र एकच होते, १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली पण कायदा दोन्हीकडे राहिला. त्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे ना, तिच्यात सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा वस्तू विकणं असं निमित्त करून पैसे मागणं किंवा घेणं हे पण धरलंय. म्हणजे चांगलं गा, वाईट गा, समोर वाटी ठेवली की कायद्याच्या नजरेत भीक. पहिल्यांदा दोषी ठरलं तर १ ते ३ वर्षं सरकारी संस्थेत डांबण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा "चलो भाई, उठो" एवढंच होतं, पण ही तलवार कायम डोक्यावर असते आणि म्हणून उठ म्हटलं की कोणी वाद घालत नाही, मुकाट्याने बोचकं उचलतात.

दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो निकाल लागू नाही. ट्रेनमध्ये आणखी वेगळं, तिथे रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४४ आहे, डब्यात भीक मागायला त्यात बंदी आहे, पूर्वी त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड होता, २०२३ च्या दुरुस्तीने ती शिक्षा काढली पण बंदी राहिली, आणि डब्यात गाणाऱ्यांनाही त्याच कलमाची भीती दाखवतात. बडोदा हे मुंबई-दिल्ली आणि मुंबई-अहमदाबाद लाइनीवरचं मोठं जंक्शन, त्यामुळे गाडीत गाणारे इथे खूप, आणि आरपीएफचा (रेल्वे सुरक्षा दलाचा) माणूस दिसला की अर्ध्या अंतऱ्यात गाणं सोडून पुढच्या डब्यात जाणारे मी कितीतरी वेळा बघितलेत. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून लायसन देऊन ठराविक जागा आखून दिल्यात, वेळ वाटून घेतात आणि वाजवतात. तसं इथे का नसावं मला खरंच कळत नाही. चार जागा आखा, नाव नोंदवा, वेळ ठरवून द्या, महानगरपालिकेला काय जड आहे?

त्यांचा दिवस कसा असतो?

प्रत्येकाचा वेगळा, मी स्टेशनकडच्या एका अंध गायक काकांचा सांगते, बायको बरोबर असते, तिला थोडं दिसतं.

दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो कारण स्पीकर चार्ज करायला लावायचा असतो. खोलीत लाइट आहे पण भरवशाची नाही, म्हणून ओळखीच्या चहावाल्याकडे लावतात आणि त्याला चार्जिंगचे पैसे देतात. सकाळी आरतीच्या वेळेला देवळाबाहेर, तिथे भजनंच, सिनेमाची नाही. काकी स्पीकरचं हँडल धरून पुढे चालते, काका तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे, आणि फुटपाथ कुठे खोदलाय, कुठे बाईक आडवी लावलीये हे ती चालता चालता एकेका शब्दात सांगत जाते, "पायरी", "खड्डा", "थांबा". अकरा-साडेअकराला ऊन चढलं की बंद. दुपारी पुलाखाली किंवा बंद दुकानाच्या ओट्यावर जेवण आणि झोप. मग संध्याकाळी पाच-सहापासून बाजारात, तिथे सिनेमाची जुनी गाणी, आणि आठ-साडेआठला आवाज बसायला लागला की शेवटचं एक भजन म्हणून आवरतात.

मग हिशोब. काकी नोटा सरळ करते, काका चिल्लर वेगळी करतात, बोटांनीच. २० चं नाणं बारा कोनांचं आहे ते पटकन कळतं म्हणे, नोटांचं अवघड झालंय कारण २०१६ नंतरच्या नव्या नोटांच्या आकारात फरक खूप कमी आहे. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, २०२० मध्ये आलं, फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की किती रुपयांची ते बोलून सांगतं, पण भर बाजारात फोन काढून एकेक नोट धरत कोण बसणार, ते घरी गेल्यावर. चिल्लर किराणावाला आनंदाने घेतो कारण त्याला सुट्ट्यांची कायम चणचण, तर अशी त्यांची त्याच्याकडे पत आहे, महिन्याचं सामान उधार मिळतं.

एक गोष्ट कोणी विचारत नाही पण सगळ्यात मोठी तीच आहे, बाथरूम. बाजारात सार्वजनिक शौचालयं कमी, जी आहेत तिथे प्रत्येक वेळी पैसे, म्हणून काकी दुपारभर पाणीच पीत नाही. गाणाऱ्या बायकांमध्ये हे सगळीकडे आहे आणि मग लघवीच्या जळजळीचा त्रास मागे लागतो. गाणं म्हणायचं तर पाणी प्यायला हवं, आणि पाणी प्यायलं तर जायचं कुठे.

जागेवरून भांडणं होतात का?

बाहेरून वाटतं तेवढी नाही. एकाचा आवाज दुसऱ्याला ऐकू येईल इतक्या जवळ बसायचं नाही, जो आधी आला त्याची जागा, आणि सणाच्या दिवशी जुन्या माणसाचा मान पहिला. हे कुठे लिहिलेलं नाही पण सगळे पाळतात. भांडण झालं तर ते बहुतेक दुकानदाराशी, आणि त्यात पण कितीतरी दुकानदार असे आहेत की गाणारा दोन दिवस दिसला नाही तर चौकशी करतात.

कमाई किती होते?

हा प्रश्न तोंडावर विचारू नका, तुम्हाला कोणी अनोळखी माणसाने भर रस्त्यात पगार विचारला तर कसं वाटेल. एवढं सांगते की रोजचं काहीच नक्की नसतं. शनिवार-रविवार बरे, महिन्याची पहिली तारीख ते दहा बरी, परीक्षांचे दिवस वाईट, क्रिकेटची मोठी मॅच असेल तर संध्याकाळ गेलीच समजा.

ढोली आणि बँडवाल्यांचं गणित पंचांगावर चालतं. देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा (मिरवणूक) निघतो, मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून, त्यानंतर देवदिवाळीला नरसिंहजींचा, आणि तिथून लग्नं सुरू. मग १६ डिसेंबरच्या आसपास कमुरता लागतात, म्हणजे आपला धनुर्मास, उत्तरायणापर्यंत एकही लग्न नाही, महिनाभर ड्रेस खुंटीला. नंतर परत सीझन, होळीच्या आधीचे आठ दिवस बंद, मग अखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका दिवसात तीन तीन वरातींची मागणी, आणि देवशयनी आली की चार महिने लग्नं नाहीत. गणपती आणि नवरात्र यांच्यावर ते चार महिने काढायचे. लोकांना वरातीतला तो चकाकता लाल कोट दिसतो, पण कोटाच्या आतला माणूस उरलेल्या महिन्यांत सेंट्रिंगच्या कामावर किंवा भाजीच्या गाडीवर असतो.

नवरात्रात तर चांदी असेल ना? बडोद्याचा गरबा केवढा प्रसिद्ध

मोठ्या ग्राउंडवर स्टेज असतं, नावाजलेले गायक, साउंड सिस्टिम, तिथे रस्त्यावरच्या ढोलीला जागा नाही. त्याचं काम पोळांमध्ये (जुन्या शहरातल्या गल्ल्यांमध्ये) आणि सोसायट्यांमध्ये, शेरी गरब्यात, म्हणजे गल्लीतल्या गरब्यात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, छान वाटलं, पण तो वारसा ज्याच्या खांद्याला लटकलेला असतो तो ढोली नऊ रात्री उभा असतो हे विसरू नये. रात्रीचा दर आधी ठरतो, शिवाय नाचणाऱ्यावरून नोट ओवाळून ढोलीला द्यायची रीत आहे, ती नोट म्हणजे त्याची खरी कमाई. हल्ली काही ठिकाणी ओवाळलेले पैसे मंडळ घेतं असं ऐकलं, हे अजिबात बरोबर नाही, त्याला देण्यासाठीच ते ओवाळलेले असतात.

आणि कान. ८५ डेसिबल आवाज कानाला आठ तास सोसतो असं धरतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ढोल १०० च्या वर सहज जातो आणि तो कानापासून हातभर अंतरावर असतो, तासनतास. पन्नाशीच्या ढोलींशी बोलताना मोठ्याने बोलावं लागतं ते यामुळे. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही, मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, आमच्या पोळातल्या मंडळाने ढोलीला मानाच्या नारळाबरोबर त्याची एक डबी पण द्यायला सुरुवात केलीये. तुम्हीही करा.

रावणहत्था एवढा गोड कसा वाजतो? आणि तो घुंगरांचा आवाज कुठून येतो?

घुंगरं गजाला बांधलेली असतात. खाली अर्ध्या नारळाच्या करवंटीवर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, त्यातून वर बांबूचा दांडा, दांड्याला खुंट्या. मुख्य तार घोड्याच्या शेपटीच्या केसांची, बाजूला स्टीलच्या तारा, त्यातल्या बऱ्याच नुसत्या झंकारण्यासाठी. गजही घोड्याच्या केसांचाच, वाजवायच्या आधी त्याला राळ घासतात. आता हाताकडे बघा, गज ओढताना तो मनगटाला एक बारीक झटका देतो, त्या झटक्याने घुंगरं बरोबर समेवर वाजतात, म्हणजे सूर आणि ताल दोन्ही एकाच हातातून. मी जवळ बसून नुसतं ते मनगट बघत राहिलेय. मधेच थांबून तो नखाने तार टिचकावतो, कान लावतो, खुंटी केसभर पिळतो आणि परत सुरू, हे सगळं समोरचं गिऱ्हाईक दहाची नोट काढेपर्यंत.

या लोकांचं मूळ काम वेगळंच आहे. पाबूजींची फड म्हणजे पंधरा एक फूट लांब रंगवलेलं कापड, त्याच्यापुढे रात्रभर भोपा वाजवत गातो आणि भोपी दिवा धरून ज्या प्रसंगाचं गाणं चाललंय ते चित्र उजळवते. शहरात त्यांच्याकडून आपण मागतो काय तर दोन मिनिटांची सिनेमाची धून. म्हणून सांगते, पुढच्या वेळी भेटलात तर म्हणा, काका, तुमचं स्वतःचं काहीतरी ऐकवा. चेहरा बदलतो माणसाचा.

सगळे तीच तीच जुनी हिंदी गाणी का गातात?

कारण थांबणारे लोक पन्नाशीच्या पुढचे असतात आणि पाकीट तेच काढतात. शिवाय जुन्या गाण्याला चाल अशी आहे की एका पेटीवर पण ते पूर्ण वाटतं, नव्या गाण्यातलं अर्धं गाणं मशीनच्या ठेक्यात असतं. बासरीवाल्याला विचारा, कुठली धून वाजवली की मुलं आईचा हात ओढतात हे त्याला तोंडपाठ असतं.

पावसाळ्यात काय करतात?

कातड्याची वाद्यं दमट हवेत सैल पडतात, ढोलाचं पान उतरतं, मग चुलीच्या किंवा हॅलोजनच्या उबेला धरून चढवायचं. म्हणून बऱ्याच ढोलींनी फायबरचं पान लावून घेतलंय, आवाज थोडा टणक येतो पण पावसाला दाद देत नाही. पेटीच्या आतल्या पितळी पट्ट्यांना दमट हवा लागते, एखादा सूर अडकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा नदीजवळच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं, आणि लोक आधी पोरं उचलतात, मग कागदपत्रं, वाद्याचा नंबर तिसरा. भिजून फुगलेली पेटी दुरुस्त होत नाही, नवीनच घ्यावी लागते.

बडोद्यात एवढं मोठं म्युझिक कॉलेज आहे, हे लोक तिथे का शिकत नाहीत?

सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष खाँसाहेबांना घेऊन गायनशाळा काढली, दरबारातलं गाणं साध्या माणसाच्या मुलांना शिकता यावं म्हणून, आणि त्यातूनच आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी झाली, सुरसागरसमोर. त्या वेळच्या मानाने फार मोठी गोष्ट. पण फॅकल्टीत जायला मार्कशीट लागते, दिवसा वेळ लागतो, आणि दिवसा हे लोक कामावर असतात. शिकतात ते घरातच, बापाच्या मांडीवर बसून. मला वाटतं उलटं व्हायला हवं, कॉलेजने महिन्यातून एक दिवस भिंतीबाहेरच्या माणसाला आत बोलवावं, मानधन द्यावं, आणि विद्यार्थ्यांना म्हणावं ऐका, गज असा धरतात. मौलाबक्षांच्या गायनशाळेला ते शोभून दिसेल.

किती द्यावेत? आणि सुट्टे नसतील तर?

एक पूर्ण गाणं थांबून ऐकलंत तर चहा-नाश्त्याला जेवढे घालवता तेवढे द्या. सुट्टे नसले तर बहुतेकांकडे क्यूआर कोड असतो, गळ्यात नाहीतर स्पीकरला चिकटवलेला. अंध गायकांना त्याचा फायदाच झालाय, साउंडबॉक्स बोलून सांगतो किती आले, कोणावर अवलंबून राहायला नको. फक्त पैसे गेले की नाही ते तुमच्या फोनवर नीट बघा, नुसतं स्कॅन केल्यासारखं करून निघून जाणारे पण असतात आणि ते त्यांना कळतं. नाणं वाटीत वरून टाकू नका, वाकून ठेवा. आणि द्यायचे नसतील तर नका देऊ, पण गाणं चालू असताना मधून बोलत जाऊ नका.

लहान मुलं वाजवताना दिसली तर?

आई-वडिलांबरोबर वाजवत असेल तर पैसे मोठ्या माणसाच्या हातात द्या, आणि सहज विचारा, शाळेत जातो का, कुठल्या. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घेणं २००९ च्या कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे, दाखला नसला तरी, वर्षाच्या मध्येच आलं तरी, हे फिरत्या कुटुंबांना बऱ्याचदा माहीतच नसतं. मूल एकटं असेल, घाबरलेलं वाटत असेल, कोणी लांबून नजर ठेवून आहे असं वाटलं, तर पैसे न देता १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, चोवीस तास चालू असतो.

व्हिडिओ काढला तर चालेल का?

विचारून. बहुतेक जण हो म्हणतात. पण काहींच्या गावी माहीत नसतं की तो शहरात रस्त्यावर गातो, तिकडे पोरीचं लग्न ठरायचं असतं. आणि व्हिडिओ टाकलाच तर त्याचा क्यूआर त्यात दिसू दे, नुसतं दर्दभरी बॅकग्राउंड म्युझिक लावून त्याचं स्वतःचं गाणं दाबू नका, हे फार चीड आणणारं आहे.

मला स्वतःला वाजवायचंय, गिटार आहे, कुठून सुरुवात करू?

आधी आठवडाभर त्या जागी नुसते जाऊन बसा, कोण कधी वाजवतं बघा. जो आधीपासून आहे त्याला जाऊन सांगा, काका, तुमचं झाल्यावर मी बसू का. समोरच्या दुकानदाराला विचारा. रस्ता अडेल अशी गर्दी जमवायची नाही. आवाजाचे नियम पाठ करा, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर काय आणि वाद्य काय, दोन्ही बंद, दिवसा राहत्या वस्तीत मर्यादा ५५ डेसिबल आणि बाजारात ६५. गरबा बारापर्यंत चालतो कारण राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस तशी सूट देऊ शकतं, तुमच्या गिटारला ती नाही. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत वाजवायचंच नाही, म्हणजे सयाजी हॉस्पिटलच्या भोवतीचा पट्टा सोडा.

आणि एक विनंती. तुमचं पोट त्यावर नाहीये, काकांचं आहे. म्हणून शनिवार संध्याकाळची चांगली जागा तुम्ही घेऊ नका. आमच्यातला एक गिटारवाला मुलगा आता काकांच्या शेजारीच बसतो, त्यांच्या गाण्याला कॉर्ड्स धरतो, जमलेले पैसे त्यांच्याच वाटीत जातात, आणि त्याच्या मते त्याला सूर धरायला खरं कोणी शिकवलं असेल तर त्यांनीच.

घरच्या कार्यक्रमाला यांना बोलवायचं असेल तर कसं बोलवायचं?

हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. साखरपुडा, साठीशांत, बारसं, कशालाही बोलवा. दिवस, वेळ, किती तास आणि पैसे हे आधीच स्पष्ट बोला, अर्धे आगाऊ द्या कारण त्या दिवशीची रस्त्यावरची कमाई ते सोडून येणार असतात. येण्या-जाण्याची रिक्षा तुमच्याकडून. अंध असतील तर घ्यायला माणूस पाठवा आणि आल्यावर खुर्ची कुठे, पाणी कुठे, बाथरूम कुठे हे एकदा हात धरून दाखवा. जेवण पंगतीतच वाढा, मागच्या दाराशी वेगळी पत्रावळ नको. कुठली गाणी हवीत ते दोन दिवस आधी सांगितलं तर ते बसवून येतात, आणि निघताना विचारा की तुमचा नंबर पुढे कोणाला दिला तर चालेल का. माझ्या मावशीच्या साठीला काका-काकी आले होते, त्यानंतर त्याच सोसायटीतून त्यांना तीन घरांनी बोलावलं.